‘सगळ्यात चांगला हेडसेट कोणता?’ या प्रश्नात काय चुकतं

व्हीआरवर संशोधन करायचं मनात असलेल्या विद्यार्थ्यांकडून मला हा प्रश्न हमखास येतो: “ताई, घरी हात बसवायला कोणता हेडसेट घेऊ?” पूर्वी मी चटकन एक नाव सांगून टाकायचे. आता सांगत नाही. त्याचं कारण माझ्याच प्रबंधाच्या मसुद्यातलं एक वाक्य आहे.

वाक्य असं होतं: “पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये व्हीआरमुळे होणारा त्रास अधिक आढळला.” वाचायला किती रुबाबदार! प्रत्यक्षात हे घरच्या घरी केलेलं पायलट होतं. सहभागी अकरा, आणि ‘पन्नाशीपुढील स्त्रिया’ म्हणजे माझी आई, मावशी आणि शेजारच्या काकू. गाइडनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने एवढंच लिहिलं: “यांचा आयपीडी किती?” माझ्या तक्त्यात वय होतं, चष्मा होता, गेम खेळायची सवय होती. आयपीडीचा रकानाच नव्हता.

आयपीडी म्हणजे दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर. हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्यासमोर एक भिंग असतं. त्या भिंगाचा मध्य आणि तुमच्या बाहुलीचा मध्य एका रेषेत आले नाहीत, तर चित्र धूसर दिसतं, डोळे ओढल्यासारखे वाटतात, कधीकधी एकाची दोन चित्रं होतात. नील डॉजसन यांनी २००४ मध्ये या अंतरावरची उपलब्ध मोजमापं एकत्र करून मांडली. प्रौढांची सरासरी साधारण ६३ मिलिमीटर, आणि बहुतेक सगळे ५० ते ७५ मिलिमीटरच्या पट्ट्यात. स्त्रियांची सरासरी पुरुषांपेक्षा थोडी कमी. पन्नास ते पंचाहत्तर म्हणजे एक इंच फरक! चपलेच्या दुकानात एवढ्या फरकाला आपण वेगळे नंबर मागतो.

माझ्या हेडसेटमध्ये भिंगं सरकवायला तीन खाचा आहेत. मी सगळ्यांना मधल्या खाचेवर बसवलं, कारण ती माझ्या डोळ्यांना बरोबर होती. मावशीचं अंतर नंतर मोजलं तर साडेसत्तावन्न भरलं. ती त्या दिवशी म्हणालीही होती, “अगं, मला सगळं दोन-दोन दिसतंय.” मी काय उत्तर दिलं असेल? “होईल सवय.” आणि प्रश्नावलीत ‘धूसर दिसणे’ या ओळीसमोर शांतपणे ३ चा आकडा भरला.

आता त्या प्रश्नावलीबद्दल, कारण तुमच्यापैकी बरेच जण तीच वापरणार आहात. सिम्युलेटर सिकनेस क्वेश्चनेअर. केनेडी, लेन, बरबॉम आणि लिलिएंथल यांनी ती १९९३ मध्ये प्रसिद्ध केली, अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये होणाऱ्या त्रासाच्या नोंदींवरून. सोळा लक्षणं, प्रत्येकाला ० ते ३ गुण, आणि तीन गट: मळमळ, डोळ्यांचा त्रास, दिशाभान हरपणं. गंमत अशी की काही लक्षणं दोन गटांत मोजली जातात. ‘धूसर दिसणे’ डोळ्यांच्या गटात येतं आणि दिशाभानाच्या गटातही. ‘नजर स्थिर करायला त्रास’ याचंही तसंच. म्हणजे भिंग चुकीच्या जागी असेल तर मावशीचं दिशाभान हरपल्याचीही नोंद होते, ती खुर्चीवर ढिम्म बसलेली असली तरी! वर आपण शेवटी एकूण गुणांचा एकच आकडा छापतो. त्या आकड्यातून चुकलेलं भिंग कोणाला दिसणार?

प्रश्नावलीवरचा दुसरा आक्षेप माझा नाही. यंग, एडेलस्टीन आणि एलिस यांनी २००७ मध्ये दाखवलं की आधी ही प्रश्नावली भरून घेतली, तर नंतर लोक जास्त त्रास नोंदवतात. साहजिक आहे. “मळमळतंय का?” असं दारातच विचारलं की पोटाकडे लक्ष जातंच.

के स्टॅनी, कॅली फिडोपियास्टिस आणि लिंडा फॉस्टर यांचा २०२० चा लेख मात्र तुम्ही वाचाच. त्याचं शीर्षकच आहे ‘व्हर्च्युअल रिॲलिटी इज सेक्सिस्ट: बट इट डज नॉट हॅव टु बी’. शीर्षक जरा आरडाओरडा करणारं आहे, मला ते फारसं आवडत नाही. पण आतलं काम नेटकं आहे. स्त्रियांना व्हीआरचा त्रास जास्त होतो, असं पूर्वीच्या अनेक अभ्यासांत येत होतं. यांनी विचारलं, की हा फरक स्त्री-पुरुषाचा आहे की भिंग न जुळल्याचा? ज्या स्त्रियांचा आयपीडी हेडसेटला नीट जुळत होता, त्यांचा त्रास पुरुषांच्या जवळपास आला. एका प्रकारच्या हेडसेटवरचं हे काम आहे, त्यावरून सगळा वाद मिटला असं मी म्हणणार नाही. पण माझं वाक्य पाडायला ते पुरेसं होतं.

एवढं झाल्यावर मी बाजारातल्या हेडसेटच्या परीक्षणांकडे परत गेले, आणि माझी चिडचिड झाली. प्रत्येक परीक्षणात पिक्सेल किती, चिप कोणती, किती अंशांचा देखावा दिसतो, स्क्रीन सेकंदाला किती वेळा बदलते, हे सगळं असतं. परीक्षण लिहिणाऱ्याचा आयपीडी क्वचितच असतो. तो चष्मा लावतो का, हेही बहुधा नसतं. “चित्र अतिशय सुस्पष्ट आहे.” कोणाला? हे विचारायची मुभा संशोधनात आहे, तशी परीक्षणातही असायला हवी.

एक अपवाद लक्षात राहण्यासारखा आहे. २०१९ मध्ये ऑक्युलस रिफ्ट एस आला, तेव्हा त्यात भिंगं हलवायची सोयच नव्हती, जुळवाजुळव फक्त सॉफ्टवेअरमधून. कंपनीने स्वतः सांगितलेला उत्तम पट्टा होता ६१.५ ते ६५.५ मिलिमीटर. ऑक्युलसचा संस्थापक पामर लकी तोवर कंपनीतून बाहेर पडला होता. त्याने जाहीर लिहिलं की माझं अंतर सत्तरच्या किंचित खाली आहे, मी हा हेडसेट वापरू शकत नाही. ज्याने हे घराघरात आणायचं स्वप्न पाहिलं त्याच्याच डोळ्यांना तो बसेना! त्या एका तक्रारीत जेवढी माहिती आहे, तेवढी मला कित्येक तुलनातक्त्यांत मिळाली नाही.

म्हणून निवडीबद्दल माझं मत आता असं आहे. क्वेस्ट २ मध्ये तीन खाचा आहेत: ५८, ६३ आणि ६८. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या क्वेस्ट ३एस मध्येही तेच. क्वेस्ट ३ ला मात्र चाक आहे, ५८ ते ७१ पर्यंत हवं तिथे थांबता येतं. ३एस आला तेव्हा अमेरिकेत तो सुमारे ३०० डॉलरला होता आणि क्वेस्ट ३ सुमारे ५०० ला. परीक्षणं या दोनशे डॉलरचा हिशोब पिक्सेल आणि पातळ भिंगांत मांडतात. तुम्ही एकटेच वापरणार असाल आणि तुमचं अंतर एखाद्या खाचेच्या जवळ असेल, तर स्वस्तातला घ्या, उरलेल्या पैशात दुसरं काही करा. पण घरातल्या, वसतिगृहातल्या दहा जणांना तो घालायला लावणार असाल, तर दोनशे डॉलर त्या चाकाचे आहेत असं समजा. पिक्सेलचे नव्हेत.

अंतर मोजायला पैसे लागत नाहीत. आरशासमोर साधारण वीतभर अंतरावर उभं राहा आणि मिलिमीटरची पट्टी भुवयांखाली आडवी धरा. उजवा डोळा मिटा, डाव्या बाहुलीच्या मध्यावर शून्य आणा. पट्टी न हलवता डावा मिटा, उजवा उघडा आणि आकडा वाचा. तीनदा करा, तीनही लिहा. चष्म्याच्या दुकानात हेच ‘पीडी’ म्हणून मोजतात, तिथेही विचारता येईल.

ॲक्सेसरीजचं प्रकरण याहून फसवं आहे. गाल दुखतात म्हणून जाड गादी, घाम येतो म्हणून सिलिकॉनचं कव्हर, चष्म्यासाठी स्पेसर, वजन मागे जावं म्हणून बॅटरी लावलेला पट्टा. यातलं काहीच वाईट नाही. २०२१ मध्ये क्वेस्ट २ च्या फोमच्या गादीने काहींच्या चेहऱ्यावर पुरळ उठलं, अमेरिकेत अशा सुमारे ४० लाख गाद्या परत घेण्याची नोटीस निघाली आणि वरून घालायचं सिलिकॉन कव्हर फुकट वाटलं गेलं. म्हणजे गरज खरी आहे. पण चेहऱ्याशी टेकणारी वस्तू जितकी जाड, तितका डोळा भिंगापासून लांब जातो, आणि देखावा तेवढा अरुंद होतो. खोक्यावर छापलेले अंश मग तुमचे राहत नाहीत. निम्म्या सहभागींना पातळ गादी आणि निम्म्यांना जाड दिली असेल, तर तुम्ही नकळत दोन वेगळी उपकरणं वापरली आहेत. आमच्याकडे नेमकं तेच झालं: पावसाळा सुरू झाला, फोम कुबट वास मारायला लागला, मी कव्हर बदललं आणि कुठेही नोंद केली नाही.

(त्याच आठवड्यात मावशीने हेडसेट ‘जरा उन्हं लागू देत’ म्हणून गॅलरीत ठेवला होता, भिंगं वर करून. मी धावत जाऊन उचलला. भिंग उन्हात धरून कागद जाळायचा खेळ लहानपणी खेळला असाल, तर इथे कागदाच्या जागी स्क्रीन आहे हे लक्षात येईल. सुकवायचं असेल तर गादी काढून, सावलीत.)

बिघाड झाल्यावर मिळणाऱ्या सल्ल्यांवर माझा सगळ्यात मोठा राग आहे. “रीस्टार्ट करा. नाही झालं तर फॅक्टरी रीसेट मारा.” खेळणाऱ्याला हे चालेल. पण रीसेटने बिघाडासोबत त्याचं कारणही पुसलं जातं, आणि तुम्ही आखलेली खोलीची हद्द, उतरवलेली ॲप्स, साठवलेला डेटा सगळं धुऊन निघतं. सुरू झालं तरी का सुरू झालं ते कळत नाही. पुढच्या वेळी तुम्ही परत तिथेच.

माझ्याकडे गणपतीत असं झालं. संध्याकाळी कंट्रोलर हातात स्थिर धरला तरी पडद्यावरचा हात मध्येच उडून कोपऱ्यात जायचा. सकाळी सगळं व्यवस्थित! मी बॅटऱ्या बदलल्या, रीस्टार्ट केलं, दोन दिवस घालवले. मग बसून लिहून काढलं, की सकाळी काय असतं आणि संध्याकाळी काय असतं. उत्तर मखराभोवतीच्या माळा. हेडसेटचे कॅमेरे कंट्रोलरवरचे डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड ठिपके शोधत असतात. बारीक दिव्यांची माळ त्यांना तशाच ठिपक्यांची रांग वाटू शकते. समोरचा आरसाही असाच घोळ घालतो. माळ बंद केली, हात जागेवर आला. परत लावली, परत उडाला. ही दुसरी पायरी गाळू नका. ती केल्याशिवाय माळेवर आरोप ठेवता येत नाही.

खोलीतले नेहमीचे दिवेही कारण असू शकतात. आपली वीज ५० हर्ट्‌झची, अमेरिकेतली ६० ची, आणि काही दिवे त्या लयीत लुकलुकतात. क्वेस्टच्या सेटिंगमध्ये ‘ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी’ अशी निवड असते: ऑटो, ५० किंवा ६०. कंट्रोलर किंवा खोली हलल्यासारखी वाटली तर इथे ५० करून बघा. अंधारातही कॅमेरे आंधळे होतात, ते वेगळंच.

चित्र धूसर असेल तर क्रम असा: कोरड्या मायक्रोफायबर कापडाने भिंग पुसा (स्पिरिट, सॅनिटायझर अजिबात नाही), हेडसेट चेहऱ्यावर हळूहळू वर-खाली करून अक्षरं कुठे ठळक होतात ते शोधा, मग खाच. पावसाळ्यात भिंगावर वाफ धरते, कारण भिंग चेहऱ्यापेक्षा गार असतं. हेडसेट पाच-दहा मिनिटं चालू ठेवून मग घाला. संगणकावरून वायरलेस चालवताना चित्र अडकत असेल, तर संगणक राउटरला केबलने आणि हेडसेट ५ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर आहे का ते आधी पाहा. महागडी केबल मागवायची ती त्यानंतर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. तारीख, खाच, गादी, दिवे, सॉफ्टवेअरची आवृत्ती. आवृत्ती विसरू नका, कारण हेडसेट रात्रीत स्वतःच अपडेट होतो आणि सकाळचा सहभागी वेगळ्याच यंत्रावर बसतो.

मावशीला मी परत बसवलं, सगळ्यात अरुंद खाचेवर. समोरची पाटी तिने घडाघडा वाचली. “आता एकच दिसतंय. एवढंच होतं तर आधी का नाही केलंस?” मग कंट्रोलरने पुढे सरकायचा प्रसंग लावला. तिसऱ्याच मिनिटाला तिने हेडसेट काढला: “पोटात ढवळतंय.” म्हणजे शरीर बसलेलं आणि डोळे पळताहेत, याचा त्रास तिला होतोच. तो भिंगाचा नव्हता. मी या दोन गोष्टी एकाच आकड्यात कोंबल्या होत्या.

मसुद्यातलं ते वाक्य काढून टाकलं आहे. तक्त्यात आयपीडी, खाच आणि गादी असे तीन रकाने वाढले आहेत, आणि त्यात भरायला जुन्या अकरा जणांचं काहीच नाही, म्हणून सगळ्यांना परत बोलवतेय. दहा जण तयार आहेत. शेजारच्या काकू म्हणतात, मला व्हीआर सोसत नाही, तूच तसं लिहिलं होतंस ना?