‘अग्निपंख’ : संघकार्याचा लेखाजोखा

डॉ. अब्दुल कलाम यांचे ‘अग्निपंख’ (अनुवाद : माधुरी शानभाग) हे आत्मचरित्र संघकार्याचा लेखाजोखा म्हणून आम्हांस अधिक मोलाचे वाटते. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ समुद्रात कोसळले. प्रकल्पप्रमुख कलामांनी जबाबदारी स्वतःवर घेतली. खापर फोडण्यात वेळ गेला नाही, म्हणूनच १८ जुलै १९८० चे उड्डाण सफल झाले. संघाची पारख अपयशात होते, हे लेखक पटवून देतात.

एक उणीव मात्र खटकते. शास्त्रज्ञांची नावे येथे मुबलक आहेत. वेल्डर-फिटर क्वचितच दिसतात. इस्रोच्या अग्निबाणांसाठी मोटारींची आवरणे घडविणाऱ्या वालचंदनगरातील वाचकाला ही उणीव अधिकच जाणवेल. एक सांधा कच्चा राहिला तर सारे गणित व्यर्थ! संघ जोखताना तो सांधा जुळविणाऱ्या हातांचीही नोंद हवी.