साधन, संहिता आणि वाचकाचे स्वातंत्र्य

साहित्यकृती आणि ती घडवण्याचे साधन यांच्या संबंधाचा विचार करण्याची गरज मुद्रित साहित्याच्या समीक्षेला सहसा पडली नाही. कादंबरी टाकाने लिहिली की टंकलेखनयंत्रावर, यामुळे तिच्या रूपविचारात फारसा फरक पडत नाही. आंतरक्रियात्मक बहुमाध्यम-कृतींच्या बाबतीत मात्र ही उदासीनता परवडणारी नाही. येथे कृती पूर्ण झाल्यावर साधन बाजूला ठेवले जात नाही. प्रत्येक वाचनाच्या वेळी ते कृतीच्या आत कार्यरत असते. या वाङ्मयप्रकाराविषयीच्या आरंभीच्या सिद्धान्तचर्चेने या वस्तुस्थितीला पुरेसे महत्त्व दिले नाही, आणि म्हणूनच वाचकाच्या स्वातंत्र्याविषयी तिने केलेला दावा तपासून पाहावा लागतो.

'हायपरटेक्स्ट' ही संज्ञा टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये वापरात आणली. रोलां बार्थ यांनी १९७० मध्ये 'एस/झेड' या ग्रंथात केवळ ग्रहण करण्याची संहिता आणि वाचकाने नव्याने रचण्याची संहिता असा भेद केला. जॉर्ज लँडो यांनी १९९२ मध्ये या दोन धाग्यांची सांगड घातली. बार्थ यांनी कल्पिलेली संहिता संगणकाच्या पडद्यावर साकार झाली आहे, असे त्यांच्या मांडणीचे सार होते. लेखकाची सत्ता ओसरली आणि वाचक सहलेखक झाला, हा निष्कर्ष त्यातून सहज निघाला. तो आकर्षक होता. परंतु प्रत्यक्ष कृतींच्या वाचनातून तो सिद्ध होतो का, हा प्रश्न उरतो.

मायकेल जॉइस यांची 'आफ्टरनून, अ स्टोरी' ही कृती या दृष्टीने निर्णायक ठरते. १९८७ मध्ये लिहिलेली आणि १९९० मध्ये ईस्टगेट सिस्टिम्सने प्रकाशित केलेली ही कथा ५३९ खंडांत विभागलेली असून त्यांना जोडणारे दुवे नऊशेहून अधिक आहेत. सकाळी पाहिलेल्या अपघातात आपला मुलगा आणि विभक्त पत्नी तर नव्हती ना, या शंकेने निवेदक पीटर ग्रासलेला आहे. परंतु अनेक दुवे वाचकाला सर्वकाळ खुले नसतात. विशिष्ट खंड वाचून झाल्याशिवाय पुढची वाट उघडू नये, अशी अट लेखकाला दुव्यावर घालता येते. सत्य टाळू पाहणारा निवेदक आणि वाट अडवून धरणारी रचना यांची येथे एकरूपता साधली आहे, आणि हेच या कृतीचे खरे यश. मात्र त्याचा अर्थ असा की लेखकाची सत्ता नाहीशी झालेली नाही. ती वाक्यांच्या क्रमातून निघून अटींच्या जाळ्यात शिरली आहे. मुद्रित पुस्तकाची पाने वाचक हवी तशी उलटू शकतो; येथे तेवढीही मुभा नाही. एस्पन आर्सेथ यांनी १९९७ मध्ये 'सायबरटेक्स्ट'मध्ये स्वातंत्र्याऐवजी वाचकाला संहितेतून वाट काढताना करावे लागणारे श्रम हा निकष पुढे केला, तो म्हणूनच अधिक विश्वसनीय वाटतो.

ज्या 'स्टोरीस्पेस'मध्ये ही कथा रचली गेली, ते साधन जॉइस यांनीच जे डेव्हिड बोल्टर व जॉन स्मिथ यांच्यासह घडवले होते, हा केवळ चरित्रात्मक तपशील नव्हे. प्रत्येक साधन स्वतःचे रूपक घेऊन येते आणि ते रूपक काव्यशास्त्राचे काम करते. १९८७ मधील 'हायपरकार्ड'चे रूपक पत्त्यांच्या गड्ड्याचे. त्यातूनच १९९३ मध्ये 'मिस्ट' या खेळातील स्थिर दृश्यांमागून दृश्यांचा प्रवास सिद्ध झाला. 'डायरेक्टर'चे रूपक रंगभूमीचे, म्हणजे रंगमंच, पात्रवर्ग आणि स्वरलिपी, 'फ्लॅश'चे कालरेषेचे. शेली जॅक्सन यांच्या 'पॅचवर्क गर्ल' (१९९५) या कृतीत हे भान पूर्णतः कलात्म होते. फ्रँकेन्स्टाइनच्या कथेतील स्त्री-प्राण्याचे शरीर निरनिराळ्या व्यक्तींच्या अवयवांनी शिवलेले आहे. संहिताही तशीच तुकड्यांनी जोडलेली आहे. येथे दुवा म्हणजे टाका. साधनाची क्षमता आशयाचा भाग होते ती अशी.

साधन कृतीच्या अंतरंगात असेल, तर साधनाचा अंत हा कृतीवरील आघात ठरतो. 'हायपरकार्ड'ची विक्री २००४ मध्ये थांबली, 'डायरेक्टर'ची २०१७ मध्ये. २०२० च्या अखेरीस अडोबीने 'फ्लॅश'चा आधार काढून घेतला. या साधनांवर ज्यांनी आपली कारागिरी घडवली, त्यांचा व्यवसायही त्यांच्याबरोबर बदलला किंवा संपला. शिल्पकाराची छिन्नी त्याच्या मालकीची असते. या कलावंतांची छिन्नी एखाद्या कंपनीच्या परवान्यावर अवलंबून होती. लेखकाच्या सत्तेचा अस्त जाहीर करणाऱ्या सिद्धान्ताने या दुसऱ्या सत्तेची दखल मात्र क्वचितच घेतली.

जतनाचे प्रयत्न झाले आहेत. 'रफल'सारख्या अनुकरण-प्रणालीवर अनेक जुन्या फ्लॅश-कृती चालतात. डीन ग्रिगार व स्टुअर्ट मोल्थ्रोप यांनी 'पाथफाइंडर्स' (२०१५) या प्रकल्पात लेखकांना व वाचकांना मूळ यंत्रांवर बसवून त्यांचे वाचन चित्रित केले. तथापि चित्रित वाचन हे अनेक शक्य वाचनांपैकी एकच असते. तो पुरावा आहे, संहिता नव्हे.

मराठीच्या अभ्यासकांना या समस्येची एक बाजू अपरिचित नाही. महानुभावांचे ग्रंथ सकळ लिपीत बद्ध होते, वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीची उकल केल्यावर ते पंथाबाहेरच्या अभ्यासकांना वाचता आले. परंतु तेथे किल्ली सापडताच संहिता अखंड हाती आली, कारण लिपी हे तिचे आवरण होते. आंतरक्रियात्मक कृतीत किल्ली हाच संहितेचा अंश आहे. शब्द वाचवले आणि अटी हरवल्या, तर 'आफ्टरनून'चे ५३९ परिच्छेद उरतील, कथा उरणार नाही.

म्हणून या वाङ्मयाच्या समीक्षेला पाठचिकित्सेपासून आरंभ करावा लागेल. कोणती आवृत्ती, कोणत्या साधनावर, कोणत्या अटींसह वाचली, हे नोंदवल्यावाचून केलेले अर्थनिर्णयन निराधार राहील. वाचकाच्या स्वातंत्र्याची भाषा त्यानंतरची. ज्या वाटा संहितेने खुल्या ठेवल्या आणि यंत्राने शिल्लक ठेवल्या, तेवढ्याच वाटांवर ते स्वातंत्र्य संभवते.