विकासवाडीतील सहकार्यभाव : एक चिकित्सा

सहकार्य व परस्परांविषयीची आस्था ही मूल्ये बालवयात गोष्टी-गाण्यांतून रुजवावी लागतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आरंभलेल्या व पुढे कोसबाडला नेलेल्या कार्यातील विकासवाडीची संकल्पना या गृहीतकाचा पुनर्विचार करावयास लावते. आदिवासी पाड्यांवरील मोठ्या मुलांना, विशेषतः मुलींना, धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहावे लागे. ही अडचण ओळखून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आली. म्हणजेच, दुसऱ्याची काळजी घेणे ही मुले शाळेत येण्यापूर्वीच शिकलेली होती. शाळेने तो गुण दिला नाही, त्याचे ओझे हलके केले.

या प्रयोगाचा गौरव करताना नेमका हा भेद दुर्लक्षित राहतो. नाइलाजाने वाट्याला आलेली जबाबदारी म्हणजे मूल्यशिक्षण नव्हे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत स्तर मानला असून सहकार्यवृत्तीच्या विकासावरही भर दिला आहे. तथापि, वर्गातील आवराआवर, वाढप व लहानग्यांची देखभाल मुलगे आणि मुली यांच्यात सारखी वाटली जाते काय, हाच अशा शिक्षणाच्या मूल्यमापनाचा पहिला निकष असावयास हवा.