मुंबारकाचे नाव

मुंबई हे नाव कोठून आले, या वादात आजवर बोललेली मंडळी बहुधा व्याकरणाच्या नाही तर भक्तीच्या बाजूने बोलली. पोर्तुगीजांच्या ‘बॉम बाहिया’वरून, म्हणजे चांगल्या उपसागरावरून, बॉम्बे झाले ही उपपत्ती पहिल्याच परीक्षेत नापास होते, त्या भाषेत ‘बाहिया’ स्त्रीलिंगी, तेव्हा विशेषण ‘बोआ’ हवे. ती सोडून देऊ. माझे भांडण आहे ते मुंबादेवीच्या माहात्म्यकथेशी.

मुंबारक नावाचा दैत्य ब्रह्मदेवाकडून वर मिळवून लोकांना छळतो. विष्णू आणि शिव यांच्या तेजातून निघालेली देवी त्याला मारते. मरताना तो मागतो, तुझ्या नावाला माझे नाव जोडले जावे. देवी ते मान्य करते. आमचे पंडित ही गोष्ट देवीच्या औदार्याची म्हणून सांगतात. मला तीत जेत्याची अडचण दिसते. दैत्य मारता आला, नाव पुसता आले नाही. मग ते दिलेले दान म्हणून दाखवावे लागले. फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (1873) दैत्यकथा वाचायची जी रीत घालून दिली, ती इथे लावून पाहावी. मुंबारक खरोखर होऊन गेला असे माझे म्हणणे नाही. काहींनी त्याला दिल्लीचा सुलतान मुबारकशहा ठरवले. म्हणजे दैत्य एक तर काल्पनिक, नाही तर परका. इथल्या मातीतला तेवढा नाही! मुंबा ही आपली देवी, असे कोळी सांगत आले. मुंगा नावाच्या कोळणीवरून ती मुंगादेवी, असेही सांगितले जाते. या साध्या दाव्याला विद्वानांनी तळटीपेची जागा दिली.

नाव कोणाचे टिकते, हे गिरगावातली खोताची वाडी उघडच सांगते. लाकडी सज्जांची ती घरे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी वसवली. नाव राहिले ते त्यांना जमीन विकणाऱ्या दादोबा वामन खोतांचे, असे सांगतात. वारसा पाहायला येणाऱ्यांना तो शब्द गोड लागतो. कोकणातल्या आमच्या माणसाला खोत म्हटले की वेठ आठवते. बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि 10 जानेवारी 1938 रोजी याच मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. खोती कायद्याने गेली ती 1949 च्या कायद्यामुळे. वाडीच्या पाटीवर ती आहेच.

बॉम्बेचे अधिकृत मुंबई झाले 1995 साली. त्यापायी कोणाची झोपडी जळली नाही. याच राज्याच्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव 27 जुलै 1978 रोजी केला होता. लगोलग दलित वस्त्या पेटल्या, नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे मारले गेले. नाव लागले 14 जानेवारी 1994 रोजी, आणि तेही ‘मराठवाडा’ शब्द शेजारी ठेवून.