क्षमेची कथा आणि हक्कांचा धडा

धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाला परकी नाहीत. माळव्यात स्थिरावलेल्या पवार घराण्याची ही संस्थाने मराठ्यांच्या इतिहासात येतात, आणि कुमार गंधर्वांच्या दीर्घ वास्तव्यामुळे देवास हे गाव संगीताच्या रसिकांनाही जवळचे वाटते. परंतु त्याच देवास जिल्ह्यातील बागलीकडच्या डोंगराळ मुलुखात उदयनगर नावाचे एक गाव आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक होते. तेथून इंदूरला निघालेल्या बसच्या प्रवासात, २५ फेब्रुवारी १९९५ रोजी, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या सिस्टर राणी मारिया यांचा खून झाला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले, आणि तेव्हापासून त्यांची कथा प्रवचनांतून, आध्यात्मिक शिबिरांतून व धर्मशिक्षणाच्या वर्गांतून वारंवार सांगितली जाऊ लागली. ही कथा आपण कशी सांगतो, तिच्यात काय ठेवतो आणि काय गाळतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हुतात्म्याच्या कथेची समीक्षा हे शब्द काहींच्या कानांना खटकतील. तथापि समीक्षा हुतात्म्याची नसून सांगणाऱ्यांची आहे, आणि सांगणाऱ्यांत आम्हीही आलो.

प्रचलित कथनाचा साचा साधारणतः असा असतो. केरळातील पुल्लुवळी या गावी १९५४ साली जन्मलेली एक मुलगी धर्मभगिनी होते, उत्तर भारतात सेवेला जाते, १९९२ साली उदयनगरला येते, गोरगरिबांची सेवा करते आणि एके दिवशी मारेकऱ्याच्या सुऱ्याला बळी पडते. एवढा भाग थोडक्यात उरकला जातो आणि मग कथा संथ होते. मारेकरी समंदरसिंह तुरुंगात आहे. राणी मारियांची सख्खी बहीण, स्वतः धर्मभगिनी असलेली सिस्टर सेल्मी पॉल, २००२ साली तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधते. कुटुंब त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकते, २००६ साली तो सुटतो, पुढे केरळात जाऊन मृत भगिनीच्या आईवडिलांची क्षमा मागतो, आणि ती त्याला मिळते. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. पाणावलेच पाहिजेत, कारण हे सारे खरे आहे, आणि इतके दुर्मिळ आहे की त्याचा विसर पडू देणे हे पाप ठरेल.

कॅथरीन मॅकगिल्व्रे यांनी २०१३ साली केलेला ‘द हार्ट ऑफ अ मर्डरर’ हा अनुबोधपट याच वळणाचा आहे. त्याच्या नावातच त्याचा केंद्रबिंदू सांगितलेला आहे : मारेकऱ्याचे अंतःकरण. कलाकृतीने आपला विषय निवडावा हा तिचा अधिकार आहे, आणि एका माणसाच्या पश्चात्तापाचा माग घेणे हा लहान विषय नव्हे. आमचा आक्षेप चित्रपटावर नाही. धर्मशिक्षणात आपण त्या निवडीलाच संपूर्ण कथा मानून बसलो, यावर आहे. त्यामुळे असे झाले की, मृत भगिनीच्या अंगावरील वारांची संख्या आपल्या मुलांना पाठ असते. परंतु उदयनगरच्या आदिवासी शेतकऱ्याला सावकाराकडे जाण्याखेरीज गत्यंतर का नव्हते, हा प्रश्नही त्यांना सुचत नाही. मारेकऱ्याचे नाव ते सांगू शकतात. मारेकऱ्याला पाठविणाऱ्यांचे नेमके काय बिघडत होते, हे त्यांना सांगता येत नाही.

वास्तविक तेच या कथेचे मर्म आहे. राणी मारियांचे काम जे काही होते ते फार साधे होते. आदिवासी शेतकरी व भूमिहीन मजूर पिढ्यान्‌पिढ्या कर्जात अडकले होते. सरकारच्या योजना व बँकांची कर्जे कागदावर होती. तेथपर्यंतची वाट त्यांना माहीत नव्हती. राणी मारियांनी ती वाट दाखविली. लोकांना बँकेपर्यंत नेले, बचतीचे गट उभे केले, बायकांना एकत्र आणले, मजुरीविषयी व हक्कांविषयी बोलण्यास शिकविले. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झालेला होता, आणि किमान वेतनाची तरतूद तर १९४८ पासून कायद्यात होती. म्हणजे त्यांनी नवा हक्क काही मागितला नाही. असलेला हक्क ज्याचा त्याला कळविला. कर्जदार बँकेकडे वळला की सावकाराचा व्यवसाय बुडतो, आणि मजूर हिशेब विचारू लागला की जमीनदाराचा दरारा सरतो. खुनामागचे कारण येथे आहे. भगिनी धर्मांतर घडवीत आहेत असे सांगून आपल्याला चिथविण्यात आले, असे मारेकऱ्याने पुढे सांगितले. ज्यांना आर्थिक कारण उघड करणे सोयीचे नव्हते, त्यांना धार्मिक कारण हाताशी होते.

येथे एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्क शिक्षणाचे दशक सुरू केले ते १ जानेवारी १९९५ पासून. त्यानंतर दोन महिने पूर्ण होण्याच्या आत उदयनगरच्या वाटेवर हे शिक्षण देणारी एक स्त्री मारली गेली. पुढे १९ डिसेंबर २०११ रोजी त्याच संघाने मानवी हक्क शिक्षणाविषयी जो जाहीरनामा स्वीकारला, त्यात या शिक्षणाची तीन अंगे सांगितली आहेत : हक्कांविषयीचे ज्ञान, शिकविणारा व शिकणारा या दोघांचाही मान राखणारी शिक्षणपद्धती, आणि हक्क बजावण्याचे व इतरांचे हक्क राखण्याचे सामर्थ्य. आपल्याकडील पुष्कळशी हक्कशिक्षण शिबिरे पहिल्या अंगापाशीच थांबतात. १९४८ च्या वैश्विक जाहीरनाम्यातील तीस कलमे वाचून दाखविली जातात, चहा होतो आणि मंडळी घरी जातात. कलमांची घोकंपट्टी आणि क्षमेची भावविवश कथा यांच्यात वरवर काही साम्य दिसत नाही. परंतु दोन्हींच्या अखेरीस ऐकणारा होता तेथेच राहतो, हे साम्य लहान नाही. उदयनगरला तिन्ही अंगे एकत्र नांदली, आणि तीही बहुधा त्या जाहीरनाम्याचे शब्द न उच्चारता.

हक्कांचा धडा कथनात कसा टिकवावा, याचा उत्तम नमुना आपल्याच भाषेत आहे. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले व १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या १९४५ च्या उठावाची ही हकीकत आहे. लेखिका साम्यवादी होत्या. त्यांचे तत्त्वज्ञान आपण स्वीकारावे असे आमचे म्हणणे नाही. परंतु हे पुस्तक मिटल्यावर वाचकाला काय काय कळलेले असते, हे पाहावे. वेठ म्हणजे काय, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी माणूस ‘लग्नगडी’ होऊन जमीनदाराच्या दारी कसा राबतो, भ्यालेली माणसे सभेला प्रथम कशी येतात, गवत कापणीच्या मजुरीचा प्रश्न संपापर्यंत कसा जातो, हे सारे त्यास कळते. तलवाड्याच्या गोळीबारात माणसे मेली, त्यांचा शोकही पुस्तकात आहे. परंतु त्या शोकाखाली मजुरीचा दर झाकला जात नाही. राणी मारियांच्या कथेला असा निवेदक आपण अद्याप दिलेला नाही. पुढे १९७८ च्या सुमारास त्याच डहाणू भागात उभ्या राहिलेल्या कष्टकरी संघटनेच्या उभारणीत जेज्युइट परंपरेत घडलेल्या व्यक्तींचा वाटा होता, हेही येथे स्मरावे. ख्रिस्ती माणसाला हा मार्ग अनोळखी नाही.

धडा गाळल्याने कोणाचे नुकसान झाले, असा प्रश्न कोणी विचारील. याचे उत्तर त्याच बागली भागात मिळते. २ एप्रिल २००१ रोजी मेहंदीखेडा येथे पोलिसांच्या गोळीबारात चार आदिवासी मारले गेले. जंगलावरील हक्क आणि वनखात्याशी चाललेला संघर्ष हे त्यामागील कारण होते. या घटनेचे स्मरण राणी मारियांच्या कथेला जोडून आमच्या प्रवचनांत होत नाही, जणू दोन्ही घटना दोन निराळ्या देशांत घडल्या. शेजारच्या धार जिल्ह्याकडे वळावे, तर निसरपूर व चिखलदा ही नर्मदाकाठची गावे सरदार सरोवराच्या पाण्याने गिळली. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ साली दिलेल्या निवाड्यात, पाव हिश्श्याहून अधिक जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर सिंचित जमीन देण्याची तरतूद होती. नर्मदाकाठचे शेतकरी हा निवाडा वाचावयास शिकले, त्याच्या आधारे न्यायालयांत उभे राहिले, आणि जे काही पदरात पडले ते या शिकण्यामुळे पडले. ज्यास निवाडा कळला नाही, त्यास सरकारी माणसाने सांगितले तेच खरे मानावे लागले.

आता क्षमेविषयी. आमच्या म्हणण्याचा अर्थ क्षमा गौण आहे असा कोणी घेऊ नये. पवित्र शास्त्रात क्षमा व न्याय यांची फारकत कोठेही आढळत नाही, एवढेच आम्ही सांगतो. लूककृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातील जक्कय प्रभूला घरी घेतो, आणि त्याच्या तोंडून चौपट परतफेडीची गोष्ट निघते; लुबाडलेल्यांचा हिशेब झाल्यावरच त्या घराला तारण लाभल्याचे प्रभू सांगतो. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात तर आपल्या खेड्यांचेच चित्र आहे. दुष्काळात शेते गहाण पडली आहेत, मुलेमुली दास्यात गेली आहेत, आणि सावकारी करणारे स्वजातीयच आहेत. नहेम्या आधी आक्रोश ऐकून घेतो, मनाशी विचार करतो, मग मोठी सभा भरवितो, शेते व व्याज परत करण्यास सांगतो आणि याजकांसमक्ष शपथ घेववितो. खेड्यातील हक्कशिक्षणाचा याहून चांगला पाठ कोठे मिळेल? समंदरसिंहाला मिळालेली क्षमा पूर्ण होती. परंतु ज्या व्यवस्थेने त्याच्या हाती सुरा दिला तिने कोणाची क्षमा मागितली नाही, आणि न मागितलेली क्षमा तिला परस्पर देऊन टाकण्याचा अधिकार आपणांस नाही. जी क्षमा उदयनगरच्या मजुराला सांगते की झाले गेले विसरून जा, ती सिस्टर सेल्मी पॉल यांची क्षमा नव्हे. त्यांनी मारेकऱ्याला भाऊ मानले, पण म्हणून बहिणीचे काम चुकीचे होते असे कोणाला वाटू दिले नाही.

दोन शंकांचा परामर्श घेणे अवश्य आहे. पहिली अशी की, हे राजकारण होय, आणि धर्मशिक्षकाने त्यात पडू नये. यावर पोप तेविसावे जॉन यांचे १९६३ चे ‘पाचेम इन तेर्रिस’ हे परिपत्रक आणि १९७१ ची बिशपांची जागतिक सभा यांकडे बोट दाखविणे पुरेसे आहे. पहिल्यात माणसाचे हक्क क्रमाने मांडलेले आहेत; दुसरीने न्यायासाठी झटणे हे सुवार्ता सांगण्याचेच अंग मानले. दुसरी शंका अधिक व्यावहारिक आहे : अशा कामावर धर्मांतराचा आळ येईल. येईलही, राणी मारियांवर आला. यास्तव आपला हेतू स्वच्छ हवा. माणूस देवाच्या प्रतिमेत निर्माण झाला, हे उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे, आणि तेथे कोणत्याही धर्माची अट नाही. बाप्तिस्मा न घेतलेल्या भिल्लाचा हक्क आपल्या मंडळीच्या सभासदाच्या हक्काइतकाच पवित्र मानला, तरच हे शिक्षण ख्रिस्ती म्हणविण्यास पात्र ठरेल.

तेव्हा ही कथा पुढे सांगताना धर्मशिक्षकाने काय करावे? प्रथम, आपल्या गावच्या माणसांना विचारावे की येथे कर्ज कोणाचे आहे, कोणत्या व्याजाने, आणि कागद कोणाकडे आहे. मग उदयनगरची गोष्ट सांगावी, म्हणजे ती परगावची वाटणार नाही. त्यानंतर एखादाच हक्क घ्यावा व तो पुरता समजावून द्यावा. उदाहरणार्थ, २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाचा त्या जमिनीवर चार हेक्टरांपर्यंत दावा लागतो. दाव्याची प्रक्रिया ग्रामसभेपासून सुरू होते, आणि विवाहितांचा पट्टा पतिपत्नी दोघांच्या नावे होतो. एवढे तीन मुद्दे जो धर्मशिक्षक नीट सांगू शकेल, अर्ज भरण्यास हातभार लावील, आणि ग्रामसभेला लोकांसोबत जाऊन बसेल, त्याने राणी मारियांचे चरित्र खऱ्या अर्थाने वाचले असे आम्ही म्हणू. मग राखीचा प्रसंग अवश्य सांगावा. तोवर ऐकणाऱ्यांना कळलेले असेल की क्षमा कशाची करावी लागली, आणि तिची किंमत केवढी होती.

राणी मारियांचा देह उदयनगरलाच ठेवलेला आहे, आणि तेथे जाऊन प्रार्थना करणाऱ्यांची संख्या वाढावी अशीच आमची इच्छा आहे. परंतु त्या जिवंत असताना लोक त्यांच्याकडे येत ते कर्जाचे व मजुरीचे प्रश्न घेऊन. त्या प्रश्नांना जेथे आजही उत्तर नाही, तेथे त्यांचे स्मरण करणाऱ्यांचे काम अपुरे आहे, हे ओळखून आपण आपली प्रवचने व आपले पाठ पुन्हा एकदा तपासून पाहावेत, अशी आमची वाचकांस नम्र विनंती आहे.