पक्ष्यांचीं पुस्तकें आणि खानदेशची साक्ष

पक्ष्यांवरील पुस्तक हातीं घेणारा वाचक सामान्यतः दोहोंपैकीं एका अपेक्षेनें तें उघडतो. कोणास रानाचें रम्य वर्णन हवें असतें. कोणास दारच्या लिंबावर येऊन बसलेल्या पाखराचें नांव तेवढें हवें असतें. टीकाकारही बहुधा याच दोन मापांनीं अशा पुस्तकांची किंमत करतात. भाषा गोड असली तर तें ‘वाङ्मय’, आणि यादी पूर्ण असली तर तें ‘शास्त्र’! आमच्या मतें हीं दोन्ही मापें अपुरीं आहेत. पक्ष्यांवरील पुस्तक ही सर्वांआधीं एक साक्ष असते. अमुक पाखरूं अमुक ठिकाणीं, अमुक दिवशीं आपण स्वतः पाहिलें, असें लेखक वाचकास सांगत असतो. ही साक्ष खरी असेल तर रुक्ष यादीसुद्धां शंभर वर्षें उपयोगी पडते. ती खोटी असेल तर मोठमोठे विद्वान् आडवाटेस लागतात. हें आमचें म्हणणें पारखून पाहण्यास खानदेशासारखा दुसरा प्रांत क्वचितच सांपडेल. तापीकांठच्या या मुलखाच्या पक्ष्यांविषयीं खरी, खोटी आणि काव्यमय अशी तिन्ही प्रकारची साक्ष उपलब्ध आहे.

प्रथम खऱ्या साक्षीचा विचार करूं. जेम्स डेव्हिडसन हा मुंबई इलाख्यांतील एक मुलकी अधिकारी होता. अॅलन ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकाच्या दहाव्या खंडांत, १८८२ सालीं, त्यानें पश्चिम खानदेशांतील पक्ष्यांची एक यादी प्रसिद्ध केली. तिला त्यानें स्वतःच ‘कच्ची यादी’ म्हटलें आहे. वाङ्मयाच्या रसिकानें ती हातीं घेतली तर तो चार पानांतच जांभई देईल. परंतु त्याच काळांत याच डेव्हिडसननें शहादें-तळोदें भागांतून एका लहानशा घुबडाचे कांहीं नमुने मिळविले व प्रत्येकाच्या पायास स्थळ व काळ लिहिलेली चिठ्ठी बांधली. तें घुबड म्हणजे रानपिंगळा. ब्लेविट नांवाच्या संग्राहकास तो १८७२ सालीं, आज छत्तीसगडांत मोडणाऱ्या प्रदेशांत, प्रथम मिळाला होता. आणि १८७३ सालीं ह्यूम यांनीं त्याचें शास्त्रीय वर्णन करून त्यास ब्लेविटचें नांव दिलें होतें.

आपल्या गांवोगांवच्या पिंगळ्याहून हा निराळा. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाट शिंपण असते. रानपिंगळ्याचें डोकें जवळजवळ बिनठिपक्याचें, छाती सलग तपकिरी, पंखांवर व शेपटीवर ठळक पट्टे, आणि पंजे व चोंच आकाराच्या मानानें दणकट. शिवाय पिंगळा दिवेलागणीस बाहेर पडतो, तर हा भर दिवसा उघड्या फांदीच्या शेंड्यावर बसून शिकार हेरतो. इतकी ओळखीची खूण असूनही १८८४ नंतर तो कोणास निर्विवादपणें दिसला नाहीं. पुस्तकांतून त्याचें नांव छापलें जात होतें. पक्षी मात्र नाहींसा झाला होता.

आतां खोट्या साक्षीकडे वळूं. रिचर्ड माइनर्ट्झहेगन हा इंग्रज सेनाधिकारी पक्षिशास्त्रांत मोठ्या नांवाचा मनुष्य. त्यानें आपल्या संग्रहांत रानपिंगळ्याचा एक नमुना दाखविला, व तो आपण १९१४ सालीं गुजराथेंत तापीकांठच्या मांडवी येथें मिळविला असें चिठ्ठीवर लिहिलें. अशा थोराची चिठ्ठी खोटी असेल अशी शंका कोणास येणार? पुढील ग्रंथकारांनीं ती नोंद विश्वासानें उचलली. आणि पक्ष्याचा शोध करणारे लोक, तो जेथें कधीं मिळालाच नव्हता अशा ठिकाणीं त्यास धुंडूं लागले. शतकाच्या अखेरीस पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनीं त्या नमुन्याची कसून तपासणी केली. तेव्हां असें आढळलें कीं, तो ब्रिटिश संग्रहालयांतून चोरलेला, उसवून पुन्हां शिवलेला डेव्हिडसनचाच जुना नमुना होता! कातडें खरें होतें, चिठ्ठी खोटी होती. खानदेशचें पाखरूं एका ओळीच्या असत्यानें गुजराथेस नेऊन बसविलें होतें.

या तपासाचें फळ लवकरच मिळालें. रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अॅबट यांनीं मांडवीची नोंद बाजूस सारली आणि ज्या चिठ्ठ्या अस्सल होत्या त्यांवरील ठिकाणें धरून शोध चालविला. ता. २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशीं, त्यांना तो पक्षी जिवंत दिसला. शहादें त्या वेळीं धुळें जिल्ह्यांत होतें. नंदुरबारचा निराळा जिल्हा पुढें १९९८ सालीं झाला. एकशें तेरा वर्षांनीं पक्षी सांपडला, तो एका कंटाळवाण्या माणसाच्या प्रामाणिक टिपणांमुळें. पुढें तोरणमाळ, यावल, मेळघाट अशा ठिकाणींही त्याचा ठाव लागला.

साक्षीची ही परीक्षा खानदेशास परकी नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे यांचें अखेरचें कार्यक्षेत्र धुळें हेंच होतें, आणि १९२६ सालीं त्यांचें निधन झाल्यावर दुसऱ्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें उभें राहिलें. अस्सल कागद कोणता, बनावट कोणता, मिती व स्थळ जुळतें कीं नाहीं, हें पारखल्यावांचून इतिहास लिहूं नये, ही शिकवण महाराष्ट्रानें त्यांच्याकडून घेतली. बखरीची जी कसोटी तीच पाखरांच्या यादीची कां नसावी? किंबहुना आज ती अधिक कडक हवी. पूर्वी पक्षी मारून त्याचें कातडें ठेवीत, म्हणून संशय आल्यास तें पुन्हां तपासतां येई. आज आपण दुर्बिणीनें पाहतों व पक्ष्यास उडून जाऊं देतों. हें योग्यच आहे. परंतु त्यामुळें पाहणाऱ्याच्या शब्दावर पडणारा भार वाढला आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, या कसोटीनें कवींची काय वाट लागेल? आम्ही कवींस साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत खेंचूं इच्छीत नाहीं. तथापि खानदेशच्या दोन कवींची तुलना या दृष्टीनें बोधप्रद आहे. बालकवींचा जन्म धरणगांवचा. त्यांच्या ‘पारवा’ या कवितेंतील पडक्या धर्मशाळेंत घुमणारा पक्षी वाचकाच्या मनांतून जात नाहीं; परंतु आपणांस जें ऐकूं येतें तें कवीच्या अंतःकरणाचें घुमणें आहे. पारव्याविषयीं आपणांस तेथें नवें कांहीं कळत नाहीं, आणि कळावें असा कवीचा हेतुही नाहीं.

बहिणाबाई चौधरी यांची गोष्ट निराळी. आसोद्याची ही निरक्षर शेतकरीण. तिचीं गाणीं तिच्या निधनानंतर १९५२ सालीं ग्रंथरूपानें आलीं. तिनें सुगरणीचा खोपा असा पाहिला आहे कीं, झाडास टांगलेला तो झोका, तें विणकाम, आणि हें सारें केवळ एका चोंचीनें केलेलें, यांपैकीं एकही तपशील खोडून काढतां येत नाहीं. हात असलेल्या माणसास ती त्या चोंचीकडे बोट दाखविते, तें कल्पनेच्या भरांत नव्हे, पाहिलेल्या गोष्टीच्या बळावर.

एका ठिकाणीं मात्र शास्त्र तिच्याशीं सहमत होणार नाहीं. खोपा विणते ती मादी नव्हे, नर. सलीम अली यांनीं १९३० च्या पावसाळ्यांत कोंकणांत किहीम येथें या पक्ष्यांच्या वसाहतीवर पाळत ठेवून जें टिपलें तें असें: नर अर्धवट खोपा विणून ठेवतो, मादी येऊन तो पाहते, तिनें पसंत केला तर तो खालची नळी पुरी करतो, आणि मादी अंडीं घालून बसली कीं, हा दुसऱ्या खोप्याच्या उद्योगास लागतो. पिलांचें संगोपन मुख्यतः मादीच करते. म्हणजे बहिणाबाईंनीं आईची माया बरोबर ओळखली, कारागिराची ओळख तेवढी चुकली. आणि ही चूक तरी तिची काय म्हणून मानावी? ती मराठी भाषेचीच आहे. ज्या भाषेनें पाखराचें नांवच ‘सुगरण’ ठेवलें, तिनें विणणारा कोण हें न पाहतांच ठरवून टाकलें होतें. भाषा आपल्या डोळ्यांवर कशी झांपड घालते, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

अशा वेळीं पुस्तकाचें काम सुरू होतें. सलीम अली यांचें भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध इंग्रजी पुस्तक १९४१ सालीं निघालें. त्यानें पक्ष्याचा आकार चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, मैनेएवढा असा सांगून विद्येची वाट सामान्य माणसाच्या अंगणांतून काढली. मराठींत ही सेवा सर्वांत निष्ठेनें केली ती मारुति चितमपल्ली यांनीं. त्यांच्या ‘पक्षी जाय दिगंतरा’ या पुस्तकाचें नांवच जनाबाईच्या अभंगांतून आलेलें आहे. आणि ‘पक्षिकोश’ हा तर एका माणसानें उपसलेला डोंगर आहे. बगळ्यांच्या वसाहतीस ‘सारंगागार’ आणि कावळ्यांच्या वसाहतीस ‘काकागार’ असे शब्द देऊन त्यांनीं भाषेच्या तिजोरींत भर घातली. २०२५ सालीं ते निवर्तले. त्यांचें ऋण मराठीवर कायम आहे.

परंतु ऋण मान्य करूनही टीकाकारानें आपलें काम केलें पाहिजे. चितमपल्लींच्या गद्यांत स्वतः पाहिलेलें, वनवासी वृद्धाकडून ऐकलेलें, आणि संस्कृत ग्रंथांत वाचलेलें, हे तीन धागे अनेकदां असे एकजीव विणलेले असतात कीं, कोणता कोठें संपला हें वाचकास कळत नाहीं. त्यांच्या गद्याची मोहिनी यांतच आहे, आणि धोकाही यांतच आहे. लोकांत चालत आलेली समजूत टाकाऊ असते असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. ती सांगावी, पण समजूत म्हणून सांगावी. गुरूचे तिन्ही धागे एकत्र शोभून दिसले, तरी अनुकरण करणाऱ्या शिष्यांच्या हातीं त्यांचा गुंता होतो. आणि मग मासिकांतून अशीं वर्णनें येतात कीं, ज्यांत जंगल पुष्कळ आणि पाखरूं कोठेंच नाहीं.

आम्हांस जें पुस्तक हवें आहे, तें हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यांत उतरणाऱ्या बदकांपासून तोरणमाळच्या सागवानापर्यंत एकाच मुलखाचें असावें. त्यांत डेव्हिडसनची तारीख असावी आणि बहिणाबाईची नजर असावी. पावरा, भिल्ल, धनगर यांच्या तोंडचीं नांवें त्यांत ऐकिलीं तशींच लिहावीं, आणि तीं कोणत्या पाड्यावर ऐकलीं तेंही लिहावें. ‘मीं पाहिलें’, ‘मीं ऐकलें’ आणि ‘मीं वाचलें’ या तीन क्रियापदांची सरमिसळ त्यांत एकदांही होऊं नये.

ही मागणी केवळ पांडित्याची नाहीं. रानपिंगळा आजही संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादींत आहे. २०१८ सालीं त्याची श्रेणी अतिसंकटांतून एक पायरी खालीं आली, इतकेंच. सातपुड्याचें कोणतें रान राखावयाचें याचा निर्णय ज्या कागदांवरून होतो, त्यांत अखेर कोणा तरी पाहणाऱ्याचें टिपण असतें. तें टिपण हौसेखातर फुगविलें गेलें, तर शोध करणारे पुन्हां एकदां मांडवीस जातील. आणि पाखरूं इकडे शहाद्याच्या रानांत, कोणी न पाहतां, फांदीसकट पडेल.