जलतरंग : नवलाई कीं नादविद्या?

गेल्या पावसाळ्यांत मासेमारी बंद असल्यामुळें सातपाटीच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. त्या दिवसांत तेथील एका स्नेह्यांच्या ओटीवर जलतरंग ऐकण्याचा योग आम्हांस आला. वादकानें १६ चिनी वाट्या अर्धवर्तुळांत मांडल्या, विहिरीचें गोडें पाणी मागविलें आणि अर्धा तास केवळ स्वर लावण्यांत घालविला. मंडळी तोंवर गप्पांत रंगली होती. पुढें एक परिचित चित्रपटगीत वाजलें, तेव्हां मात्र टाळ्यांचा कडकडाट झाला. आमचें मत निराळें आहे. त्या बैठकींतला खरा ऐकण्याजोगा भाग तो अर्धा तासच होता.

हें मत विक्षिप्त वाटेल, म्हणून त्याचें कारण सांगणें अवश्य आहे. वाटीवर काडीचा आघात झाला म्हणजे तिची कड कंप पावते. आंत पाणी असल्यास त्यासही कडेबरोबर हलावें लागतें; ओझें वाढतें, कंप मंदावतो, स्वर उतरतो. पाणी काढलें कीं तोच स्वर चढतो. यजमानांच्या मुलीनें विचारलें, "समुद्र दाराशीं असतां विहिरीचें पाणी कशाला?" प्रश्न मार्मिक होता. समुद्राचें पाणी गोड्या पाण्याहून शेंकडा सुमारें अडीच भाग जड असतें. तें भरल्यास स्वर किंचित् उतरेल इतकेंच, आणि तो पुन्हा कानानेंच जुळवावा लागेल. म्हणजे पाणी कोणतेंही असो, अखेरचा निवाडा कानाचा.

या वाद्याचें प्राचीनत्व सांगतांना वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांतील 'उदकवाद्य' पुढें करण्याचा प्रघात आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. टीकाकार यशोधर त्याचा अर्थ पाण्यावर मृदंगासारखें वादन असाच करतो. सतराव्या शतकांतील अहोबलाच्या 'संगीतपारिजात' ग्रंथांतला उल्लेख मात्र स्पष्ट आहे. तेथें २२ वाट्यांचें जलतरंग पूर्ण व १५ वाट्यांचें मध्यम मानलें आहे. युरोपांतही ग्लुक या संगीतकारानें १७४६ सालीं लंडनमध्यें पाण्यानें जुळविलेले २६ पेले वाजविले. १७६१ सालीं बेंजामिन फ्रँकलिननें कांचेच्या वाट्या एका दांड्यावर ओवून त्या फिरत्या केल्या व ओल्या बोटांनीं वाजविल्या. त्या वाद्यासाठीं मोझार्टनें १७९१ सालीं रचनाही केली. पण फ्रँकलिननें वाट्यांतलें पाणी काढून टाकलें, आणि त्याबरोबर वादकाच्या हातचें स्वर लावणेंही गेलें.

आमच्याकडे तेंच पेटीनें केलें. ठराविक स्वर आयते मिळाले, कान आळसावले. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलें; १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीवर बंदी घातली, ती पुढें उठली. वाद अजून शमलेला नाहीं. जलतरंगाला या वादाची गरजच नाहीं. भूपालीचा गंधार हवा तेथें आणावयाचा, तर एक थेंब घाला, एक थेंब काढा.

उणीवही सांगितली पाहिजे. येथें मींड नाहीं आणि नाद क्षणांत विरतो. दरबारीचा आंदोलित गंधार वाटींतून निघावयाचा नाहीं. काडीनें पाणी हलवून साधतो तो त्याचा केवळ आभास. म्हणून दुर्गा, भूपाली यांसारखे मोकळ्या स्वरांचे राग या वाद्यास शोभतात. सातपाटीच्या वादकावर आमचा आक्षेप चित्रपटगीत वाजविल्याचा नाहीं. इतक्या निगुतीनें लावलेले स्वर त्यानें इतक्या घाईनें वाजविले कीं, एकही ऐकूं आला नाहीं, हा आक्षेप आहे. टाळ्यांनीं त्याला ती घाई शिकविली; दोष अर्धा श्रोत्यांचा.

पुण्याचे मिलिंद तुळाणकर यांनीं ही विद्या आपले आजोबा शंकरराव कान्हेरे यांच्याकडून घेतली; असे साधक आज मोजकेच आहेत. सगळ्यांनीं जलतरंगवादक व्हावें असें आमचें म्हणणें नाहीं. घरांत चार चिनी वाट्या, तांब्याभर पाणी व एक तंबोरा असला, तर मुलांना षड्जाशीं पंचम जुळवूं द्यावा. पहिल्या दिवशीं जुळणार नाहीं. ज्या दिवशीं थेंब कोठें थांबवावा हें मुलाचें मूल ओळखेल, त्या दिवशीं घरांत एक श्रोता तयार झाला असें समजावें. आज वादकांहून त्याचीच वाण अधिक आहे.